अर्धवेळ पर्यवेक्षक : ना कामगार, ना अधिकारी

सत्तरीतील माणसाला एखादी वेगळी वस्तू हवी असली, तर एकेकाळी डिचोली, म्हापसा किंवा पणजीची वाट धरावी लागे. आता ती वस्तू मोबाईलवरून मागवली जाते आणि ४०३५०६ हा वाळपईचा पिनकोड लिहिलेले पार्सल दारात येते. ग्राहकाला दिसतो तो दुचाकीवरून आलेला तरुण. त्याच्यामागे आणखी एक माणूस उभा असतो. पहाटे गाडीतून उतरलेल्या पार्सलांची वर्गवारी करणे, कोणी कोणत्या वाड्यावर जायचे ते ठरवणे, परत आलेल्या वस्तूंची नोंद ठेवणे आणि दिवसअखेर रोख रकमेचा हिशेब जुळवणे ही त्याची कामे. कागदोपत्री तो चार-पाच तासांचा नोकर असतो. त्याचे पद मात्र भारदस्त असते : पार्ट टाइम सुपरवायझर.

अशा कामाला सत्तरीत उमेदवार का मिळतात, हे समजणे कठीण नाही. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली राज्यातील खाणी बंद पडल्या, तेव्हा पिसुर्ले-होंडा पट्ट्यातील अनेक घरांचा नियमित पगार थांबला. कुळागर, काजूचा हंगाम किंवा महाविद्यालयीन शिक्षण सांभाळून करता येणारी, घराजवळची नोकरी त्यामुळे मोलाची ठरते. प्रश्न नोकरीचा नाही. त्या नोकरीला कायद्यात कोणते स्थान आहे, हा आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चार कामगार संहिता लागू झाल्या. सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना प्रथमच व्याख्येत आणले. त्यांच्या कल्याणासाठी ॲप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद तीत आहे. दुचाकीवरील तरुणाची दखल अशी घेतली गेली. त्याच्या फेऱ्या ठरवणारा पर्यवेक्षक मात्र त्या व्याख्येत बसत नाही, कारण तो ठरलेल्या पगारावर, बहुधा एखाद्या कंत्राटदारामार्फत काम करतो. मग तो कामगार आहे काय?

येथे ‘सुपरवायझर’ हा शब्द अडचणीचा ठरतो. औद्योगिक संबंध संहितेनुसार पर्यवेक्षकीय काम करणारा आणि दरमहा १८ हजार रुपयांहून अधिक वेतन घेणारा माणूस ‘कामगार’ राहत नाही. वेतन संहितेत हीच मर्यादा १५ हजारांची आहे. याचा दुसरा अर्थ असा की, ज्याचे वेतन त्या मर्यादेच्या आत आहे तो पर्यवेक्षक असूनही कामगारच ठरतो. चार-पाच तासांच्या नोकरीचा पगार सहसा या मर्यादेपलीकडे जात नाही. म्हणजे पदाच्या नावामुळे हक्क गेले, अशी समजूत करून घेऊन गप्प बसणाऱ्या अनेकांचे हक्क प्रत्यक्षात शाबूत आहेत. शिवाय केवळ पदनामाने काही ठरत नाही. माणसाचे मुख्य काम कोणते, हे पाहावे लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने सीबा-गायगी खटल्यात १९८५ सालीच सांगितले आहे. व्यवस्थापकीय कामाला मात्र वेतनाची मर्यादा नाही. म्हणूनच उद्या त्याच माणसाला ‘मॅनेजर’ म्हटले गेले, तर सावध होण्याचे कारण आहे.

अर्धवेळ कामाचेही तसेच. वेतन संहितेतील ‘कर्मचारी’ या व्याख्येत पूर्णवेळ आणि अर्धवेळ असा भेद नाही, आणि पर्यवेक्षकाचा तीत स्पष्ट उल्लेख आहे. रोख रकमेत तूट आली, तर ती परस्पर पगारातून वळती करता येत नाही. ती तूट कर्मचाऱ्याच्या निष्काळजीपणामुळेच आली असली पाहिजे, त्याला बाजू मांडण्याची संधी दिली पाहिजे आणि एकूण कपात वेतनाच्या निम्म्याहून अधिक होता कामा नये. संध्याकाळी नोटा मोजणाऱ्या माणसाला ही तरतूद ठाऊक असणे आवश्यक आहे.

अर्धवेळ जबाबदारीचे एक जुने उदाहरण गावागावांत आहे. टपाल खात्याचा शाखा डाकपाल हा ग्रामीण डाक सेवक असतो. त्याचे काम चार ते पाच तासांचे, पण रोकड आणि टपाल यांची जबाबदारी पूर्ण. अशा सेवकांचे पद हे नागरी पद होय, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. २०१८ साली चार तासांच्या शाखा डाकपालाचा किमान मूळ भत्ता दरमहा १२ हजार रुपये ठरला. नियमित कर्मचाऱ्याचा दर्जा त्यांना आजही नाही. तरी तास, भत्ता आणि निवृत्तीचे वय यांबाबत लेखी नियम आहेत.

अमेरिकेत यूपीएस या पार्सल कंपनीतील सुमारे १ लाख ८५ हजार कामगारांनी १९९७ साली पंधरा दिवस संप केला, तो मुख्यतः अर्धवेळ कामाच्या प्रश्नावर. तेथील अर्धवेळ पर्यवेक्षक व्यवस्थापनात गणला जातो. तो संघटनेबाहेर असतो. पण म्हणूनच कामगारांचे पार्सल त्याने उचलू नये, असे करारात लिहिलेले असते. आपल्याकडे एखादा डिलिव्हरी बॉय आला नाही, तर पर्यवेक्षकच दुचाकी काढून केरी किंवा ठाण्याकडे निघतो. काम कामगाराचे आणि पद अधिकाऱ्याचे, अशी ही दुहेरी वसुली आहे.

खरी अडचण आकड्यांत आहे. प्रत्येकाला नियुक्तिपत्र देण्याचे बंधन घालणारी व्यावसायिक सुरक्षा संहिता सर्वसाधारणपणे दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांना लागू होते. भविष्य निर्वाह निधीसाठी ही संख्या वीस आहे, आणि कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींसाठी पन्नास. दुचाकीवरील तरुणांना ‘भागीदार’ म्हणून मोजणीतून वगळले की, वाळपईसारख्या ठिकाणचे केंद्र कागदावर दोघा-तिघांचे उरते. वगळले गेले ते तरुण. पण नियुक्तिपत्र हुकते ते पर्यवेक्षकाचे.

कामगार हा विषय समवर्ती सूचीत आहे. त्यामुळे राज्य सरकारला येथे करण्यासारखे बरेच आहे. पार्सल केंद्रांची मोजणी एका गाळ्यापुरती न करता कंत्राटदाराच्या सर्व केंद्रांची मिळून व्हावी, कामाचे तास लेखी असावेत आणि कामगार खात्याची तपासणी औद्योगिक वसाहतींच्या फाटकापाशी न थांबता बाजारातील गाळ्यापर्यंत पोहोचावी. तोवर या पदावर रुजू होणाऱ्याने पहिल्याच दिवशी नियुक्तिपत्र मागावे, आणि त्यावर पगाराबरोबर तासही लिहून घ्यावेत.