शब्द, करार आणि जाणणे : एका सोयीस्कर गृहीतकाविषयी

देरिदाचा लेखनमीमांसेवरील ग्रंथ १९६७ साली प्रसिद्ध झाला. त्यानंतर समीक्षेत एक सोयीस्कर गृहीतक रुळले. बायबलमधील ईश्वरी शब्द हा शब्दकेंद्रिततेचा आदर्श नमुना. त्यात वक्ता पूर्णांशाने उपस्थित असतो, अर्थ स्थिर असतो आणि ज्ञान म्हणजे त्या अर्थाचे निःशंक ग्रहण, असे हे गृहीतक आहे. ते योहानाच्या शुभवर्तमानारंभीच्या ग्रीक 'लोगोस'वर बेतलेले आहे. हिब्रू संहितेपुढे ते टिकत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

उत्पत्तीचा पंधरावा अध्याय घ्यावा. तेथे अब्रामाकडे 'दाबार' येतो. या हिब्रू संज्ञेत शब्द आणि घटना हे दोन्ही अर्थ नांदतात. भूमीचे वचन मिळताच अब्राम विचारतो, ती आपली होईल हे जाणावे कशावरून? क्रियापद 'यादा', म्हणजे जाणणे. प्रश्न ज्ञानमीमांसेचा आहे. उत्तर मात्र ना स्पष्टीकरणाचे, ना पुराव्याचे. कालवड, शेळी आणि मेंढा मधोमध चिरून समोरासमोर मांडले जातात. अब्रामाला गाढ झोप लागते. निश्चित जाणून घे म्हणून त्याला जे सांगितले जाते, ते वंशजांच्या चारशे वर्षांच्या दास्याविषयी! मग धुमसती भट्टी आणि जळती मशाल त्या तुकड्यांमधून जाते. येथे अर्थ उपस्थित कोठे आहे? तो चार शतके लांबणीवर पडलेला आहे.

हिब्रूत 'बेरीत' कापला जातो. यिर्मयाच्या चौतिसाव्या अध्यायात वासराच्या दोन भागांमधून जाऊन वचन मोडणाऱ्यांना त्या वासराचीच गती सुनावली आहे. त्या प्रकाशात पाहता अब्रामाच्या कथेत वक्ता स्वतःलाच शब्दात बांधून घेतो. मराठी बायबलमधील 'करार' हा शब्द व्यवहारातला, म्हणून बंधनाची धार राखणारा. परंतु करारास दोन जागे पक्ष लागतात, आणि येथे एक पक्ष निद्रिस्त आहे. उलट निर्गमाच्या चोविसाव्या अध्यायात लोक मोठ्याने संमती देतात. संहिता हे दोन्ही नमुने जपते; त्यांतील ताण मिटवत नाही.

दगडी पाट्यांवरील नियमशास्त्र तरी स्थिर आहे, असा आक्षेप संभवतो. पण त्या पाट्या मोशेने फोडल्या आणि त्या पुन्हा घडवाव्या लागल्या. यहोयाकीम राजाने यिर्मयाचा पट चाकूने कापून शेगडीत जाळला. बारूखाने तो पुन्हा लिहिला, तेव्हा त्यात तशाच आणखी पुष्कळ वचनांची भर पडली. ईश्वरी शब्द लेखनाने भ्रष्ट होतो, असे ही संहिता मानत नाही. उलट पुनर्लेखनातच तो तगून राहतो.

आणि 'जाणणे'? योशीया राजाने दीनदुबळ्यांना न्याय दिला. ईश्वराला जाणणे ते हेच, असे यिर्मया बजावतो. होशेयाच्या चौथ्या अध्यायात ज्ञानाचा अभाव खोट्या शपथा, खून आणि चोरी यांवरून ओळखला जातो. ज्ञान येथे ग्रहणाचा नव्हे, वचनाला जागण्याचा विषय आहे.

लोगोसची चिकित्सा अवश्य व्हावी. परंतु ग्रीक शब्दावरील आरोपपत्र हिब्रू ग्रंथावर डकवणे ही चिकित्सा नव्हे. ज्या ग्रंथात शब्द देणाऱ्यालाच शब्द बांधतो, त्याचे निदान तो ग्रंथ न वाचता करणाऱ्या समीक्षेने आपण कोणत्या शब्दाने बांधलेल्या आहोत, हे प्रथम स्वतःस विचारावे.