वाटून घेणे वेगळे, तुकडे पाडणे वेगळे

पूर्णवेळ नोकरीच्या जाहिरातीला दोघांनी मिळून एकच अर्ज करावा, कामाचे दिवस आणि पगार आपसांत वाटून घ्यावा, ही कल्पना मांडली की महाराष्ट्रातील पुष्कळ कामगार पुढाऱ्यांना हसू येते. एकेका जागेसाठी हजारोंनी अर्ज येतात त्या देशात अर्धी जागा मागण्याची चैन कोणाला परवडणार, असा त्यांचा सवाल असतो. सवाल वरवर बिनतोड आहे. परंतु एका जागेचे दोन-तीन तुकडे करण्याचा उद्योग याच देशात सरकार आणि मालकवर्ग वर्षानुवर्षे बिनबोभाट करीत आले आहेत. त्या वेळी हे हसू कोठे जाते?

ब्रिटनमध्ये ही प्रथा चांगली रुजली आहे. दोन उमेदवार एकत्र अर्ज करतात, मुलाखतीला एकत्र जातात, आणि आठवड्याचे दिवस कसे वाटून घेणार, मधल्या दिवशी कामाची सूत्रे एकमेकांकडे कशी देणार, हे मालकासमोर मांडतात. अशा अर्जदारांत लहान मुलांच्या माता पुष्कळ असतात. पगार, रजा आणि निवृत्तिवेतन कामाच्या प्रमाणात विभागले जाते. जागा मात्र एकच राहते, आणि पूर्ण राहते. या शेवटच्या गोष्टीतच सारे मर्म आहे. हिशेबनीसाची, ग्रंथपालाची किंवा विभागप्रमुखाची जागा दोघींनी चालविली तरी तिची श्रेणी उतरत नाही, बढतीचा मार्ग बुजत नाही. एरवी अर्धवेळ काम म्हणून बाजारात जे मिळते ते बहुधा झाडलोटीचे, गल्ल्यावरचे, कमी मोलाचे असते. एकत्र अर्ज करणाऱ्या दोघी त्या खालच्या दर्जाच्या कामाला नकार देतात आणि वरच्या दाराने आत येऊ पाहतात.

तेथील कायदा या दोघींच्या पाठीशी कितपत उभा आहे? कामाचे तास बदलून मागण्याचा हक्क २००३ साली लहान मुलांच्या आईबापांना मिळाला, २०१४ साली सहा महिने नोकरी झालेल्या सर्वांना मिळाला, आणि एप्रिल २०२४ पासून नोकरीच्या पहिल्या दिवसापासून मिळाला. परंतु हा हक्क मागण्याचा आहे, मिळण्याचा नव्हे. व्यवसायाच्या गरजेची आठ कारणे कायद्यानेच मालकाच्या हाती दिली आहेत. त्यांतील एखादे पुढे केले की विनंती फेटाळता येते. शिवाय पहिला दिवस नोकरीवर रुजू झाल्यावर उजाडतो. दाराबाहेर अर्ज हाती घेऊन उभ्या असलेल्या दोघींना तो हक्क लागूच होत नाही.

जे काही पदरात पडले ते झगडून पडले. ब्रिटनच्या गृहखात्यातील एका कर्मचारी मातेने प्रसूतीनंतर अर्धवेळ कामावर परतण्याची परवानगी मागितली, खात्याने ती नाकारली, आणि पूर्णवेळ कामाची सक्ती हा स्त्रियांविरुद्धचा अप्रत्यक्ष भेदभाव ठरू शकतो हे अपील न्यायाधिकरणाने १९८४ साली मान्य केले. तोपर्यंत आणि त्यानंतरही दहा वर्षे, आठवड्याला सोळा तासांहून कमी काम करणाऱ्याला बडतर्फीविरुद्ध दाद मागण्यासाठी पाच वर्षांची सलग नोकरी दाखवावी लागे. आठ तासांहून कमी असेल तर दादच नव्हती. ही अट स्त्रियांवर अन्याय करणारी आहे, असा निर्णय हाउस ऑफ लॉर्ड्सने १९९४ साली दिला, तेव्हा कोठे पुढील वर्षी ती रद्द झाली.

याच काळात थॅचर सरकारने जे केले ते कार्यकर्त्यांनी नीट लक्षात ठेवावे असे आहे. बेकारांची संख्या तीस लाखांच्या वर गेली असताना, जानेवारी १९८३ मध्ये, रोजगारमंत्री नॉर्मन टेबिट यांच्या खात्याने एक योजना सुरू केली. एका पूर्णवेळ जागेचे दोन तुकडे करा आणि बेकारांच्या यादीतील नाव कमी करा, म्हणजे मालकाला ७५० पौंड अनुदान मिळेल. कामगाराला काय मिळेल? अर्धा पगार. बेकारी हटली नाही, ती दोघांत वाटली गेली. आणि वाटणीची दलाली मालकाच्या खिशात गेली. कामगार संघटनांनी विरोध केला आणि योजनेला प्रतिसादही फारसा मिळाला नाही. परंतु एका उपयुक्त शब्दाचे सोंग घेऊन नेमका उलटा व्यवहार कसा करता येतो, याचा तो उत्तम धडा होता.

त्याच सुमारास पश्चिम जर्मनीतील धातुकामगारांनी बेकारीवर दुसरे उत्तर शोधले. त्यांची संघटना, ईगे मेटाल, १९८४ साली पस्तीस तासांच्या आठवड्यासाठी संपावर गेली. संप सुमारे सात आठवडे चालला. चाळीस तासांचे साडेअडतीस झाले आणि पगार घटला नाही. काम सर्वांत वाटायचे तर ते असे: तास सर्वांचे कमी, वेतन पूर्ण. टेबिट यांच्या योजनेत कामगाराने दुसऱ्या कामगाराला आपले ताट अर्धे करून द्यायचे होते. या मागणीत ते मालकाच्या नफ्यातून यायचे होते.

एकत्र अर्ज करणाऱ्यांचा प्रश्न या मोठ्या मागणीने आपोआप सुटत नाही. म्हणूनच पुढे जर्मन कायद्यानेही त्याची स्वतंत्र दखल घेतली. २००१ पासून लागू असलेल्या अर्धवेळ कामाच्या कायद्यानुसार, एक जोडीदार नोकरी सोडून गेला एवढ्याच कारणावरून दुसऱ्याला काढून टाकणे अवैध आहे; आणि जोडीदाराच्या गैरहजेरीत दुसऱ्याने राबलेच पाहिजे अशी सरसकट सक्ती मालकाला करता येत नाही. या दोन अटी नसतील तर एका पगारात दोन माणसे चोवीस तास दिमतीला ठेवण्याचा परवानाच मालकाला मिळेल.

आता महाराष्ट्राकडे वळावे. मुंबईच्या कापडगिरण्यांच्या दारात सकाळी बदली कामगारांचा जथा उभा असे. कायम कामगार गैरहजर असेल तर त्याच्या जागी एकाला आत घ्यायचे, बाकीच्यांनी घरी जायचे. अनेकांनी हयातीची उमेद अशी दारात काढली. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले तेव्हा बदली कामगारांना कायम करा ही त्यांच्या मागण्यांतील एक मागणी होती. गिरण्या गेल्या, पद्धत महाविद्यालयांत जिवंत आहे. पूर्णवेळ प्राध्यापकाची जागा रिक्त ठेवायची, तिचे तास तासिका तत्त्वावर दोघातिघांना वाटायचे, आणि शिकविलेल्या तासाचे तेवढे पैसे मोजायचे. नेट-सेट झालेली, पीएच.डी. मिळविलेली माणसे सुट्टीच्या महिन्यांत बिनपगारी बसतात. ही माणसे एका जागेवर दोघे आहेत, पण त्यांनी एकत्र अर्ज केलेला नव्हता. त्यांना कोणी विचारलेच नव्हते. त्यांची नोकरी वाटली गेलेली नसून फोडली गेली आहे.

अर्धा पगार ज्याला पुरतो त्याच्या घरात दुसरा पगार असतो, ही टीका खरी आहे आणि ती टाळता येणार नाही. हातावर पोट असलेल्या बाईला अर्धी नोकरी म्हणजे अर्धी उपासमार. परंतु तिची पूर्ण नोकरी तरी कशी असते? २०१९ च्या केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार, घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटे घालवतात आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटे. ही पाच तासांची पाळी कोणत्याही हजेरीपत्रकावर नसते. पूर्णवेळ नोकरीची जी व्याख्या मालक मानतो आणि संघटनाही निमूटपणे मानते, ती घरी दुसरे कोणी राबते या गृहीतावर उभी आहे. तिला धक्का देणाऱ्या दोघी मध्यमवर्गीय असल्या तर बिघडले कोठे? आठ तासांची मागणीही आरंभी चैनच वाटली होती.

म्हणून संघटनांनी मागण्यांच्या सनदेत भूमिका स्पष्ट घालावी. रिक्त जागा पूर्णवेळ म्हणूनच जाहीर झाली पाहिजे आणि कायम म्हणूनच भरली पाहिजे. तिच्यासाठी दोघे स्वखुशीने एकत्र आले तर त्यांचा अर्ज एकट्याच्या अर्जाइतकाच ग्राह्य धरावा, निवृत्तिवेतन व सेवाज्येष्ठता दोघांनाही द्यावी, सूत्रे देण्या-घेण्याचा वेळ पगारी असावा, आणि एक गेला तर दुसऱ्याला पूर्ण जागेवर पहिला हक्क असावा. तासिका तत्त्वावरील प्राध्यापकाला या सनदेचे पहिले कलमच पुरेसे आहे. उरलेल्यांचा उपयोग करायचा की नाही हे तो नंतर स्वतः ठरवील.

आणि हे सारे इतरांना सांगण्यापूर्वी पक्षाच्या कार्यालयांनी आपली यादी काढून पाहावी. ‘पूर्णवेळ कार्यकर्ता’ या बिरुदाखाली किती स्त्रियांची नावे आहेत, आणि पूर्णवेळ कार्यकर्त्यांपैकी कितीजणांचा स्वयंपाक कोणी दुसरेच करते? एखाद्या तालुक्याचे चिटणीसपद दोघींनी एकत्र मागितले तर जिल्हा समिती त्यांना काय उत्तर देणार आहे, हे तिने आताच ठरवून ठेवावे.