खड्डा कोणी खणला?

कचेरीत ताळेबंद जुळला नाही की पहिला मेमो कोणाच्या हाती पडतो, हे कारकुनी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही. ज्याच्या हस्ताक्षरात आकडा, तो गुन्हेगार. घाई कोणी करायला लावली, हे कोणी विचारत नाही.

परवा शेजारचा मुलगा मोबाईलवर गेम खेळता खेळता चिडला. म्हणाला, "काका, हा गेम बनवणाऱ्याला अक्कलच नाही!" तेव्हा मी त्याला अमेरिकेतली एक हकीकत सांगितली. वाचकहो, तीच तुम्हालाही सांगतो.

१९८२ साली स्टीव्हन स्पीलबर्ग यांचा 'ई.टी.' हा चित्रपट तुफान चालला. त्यावर गेम काढण्याचे हक्क अटारी या बड्या कंपनीसाठी तिच्या मालकांनी, म्हणजे वॉर्नर कम्युनिकेशन्सने, कोट्यवधी डॉलर मोजून घेतले. बोलणी संपेपर्यंत जुलै सरत आला. नाताळच्या बाजारात माल हवा, म्हणून गेम १ सप्टेंबरपर्यंत तयार पाहिजे! एरवी अशा कामाला कित्येक महिने लागत. हॉवर्ड स्कॉट वॉर्शॉ या तरुण प्रोग्रामरच्या वाट्याला आले जेमतेम पाच आठवडे.

गेममध्ये खड्ड्यांतून टेलिफोनचे तुकडे शोधायचे होते. पण नको तेव्हाही ई.टी. खड्ड्यात पडे. धडपडत वर यावे, तर पुन्हा आत. मुले वैतागली. बाजारात नेण्याआधी गेम लोकांना खेळायला देऊन पाहावा, तर घाईत तीही पायरी गाळली गेली. उलट नग काढले सुमारे ४० लाख! त्यांतले कितीतरी पडून राहिले, परत आले. १९८३ साली न्यू मेक्सिको राज्यातल्या अलामोगोर्डो गावी कंपनीने आपला बराच माल कचऱ्याच्या खड्ड्यात पुरला. २०१४ साली तो उकरला, तेव्हा त्यात ई.टी.ही निघाला. 'जगातला सर्वांत वाईट गेम' म्हणून नाव झाले ते मात्र वॉर्शॉचे.

आता जमाखर्च मांडू. खड्ड्यांची रचना वॉर्शॉची. पाच आठवड्यांत करतो, असा होकारही त्याचाच. तेवढी चूक त्याच्या खात्यावर टाकलीच पाहिजे. पण याच माणसाचा आधीचा 'यार्स रिव्हेंज' हा गेम लोकांनी डोक्यावर घेतला होता. हात तेच, डोके तेच. मग फरक कशाचा? वेळेचा. मुदत ठरवली वरच्यांनी, चाचणी गाळली वरच्यांनी, ४० लाखांचा आकडा ठरवला तोही वरच्यांनीच. या तिन्हींपैकी एकाही कागदावर त्याच्या सहीला किंमत नव्हती.

ज्याच्या हाती निर्णय, त्याच्या माथी जबाबदारी. हा नियम गेमला लागतो, तसाच पुलाला, इमारतीला आणि आपल्या कचेरीतल्या फायलीलाही लागतो. म्हणून नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना माझे एकच सांगणे आहे. अशक्य मुदतीचे काम अंगावर आले तर तोंडी 'हो' म्हणून मोकळे होऊ नका. किती दिवस लागतील, काय राहून जाईल, ते लेखी द्या आणि त्याची एक प्रत आपल्यापाशी ठेवा.

सगळे ऐकून शेजारचा मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "काका, म्हणजे पहिला खड्डा साहेबांनीच खणला होता!"

त्याचा हिशेब बरोबर होता.