सॅमन, काळा मसाला आणि आप्पा

मंडळी, आधी एक कबुली. मी पाचोऱ्याचा. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की लहानपणी मासा म्हणजे गिरणेचा, नाहीतर धरणाचा. रोहू, कटला, फार तर मरळ. आणि तो शिजायची पद्धत एकच: भाजलेलं कांदा-खोबरं, भरपूर लसूण, खान्देशी काळा मसाला, चिंचेचा कोळ आणि वर तेलाचा लालभडक तवंग. तोही मागच्या अंगणात, चुलीवर, वेगळ्या पातेल्यात. कारण आई रांधते, पण खात नाही.

त्यामुळे पुण्यात पहिल्यांदा सॅमन आणला (किलोला दोन हजारांच्या वरचा भाव देऊन, हात थरथरत) तेव्हा मी काय केलं असेल? बरोब्बर. काळ्या मसाल्यात वीस मिनिटं रटरटवला. मासा भुसभुशीत कोरडा, रस्सा तेलकट, आणि दोन्ही एकमेकांशी भांडलेले. बायको म्हणाली, "यापेक्षा शेवभाजी केली असती!"

चूक समजायला मला बरेच दिवस लागले. आपण पाककृतीला परंपरा म्हणतो, पण खरं तर ती एका प्रश्नाचं उत्तर असते. गोड्या, साचलेल्या पाण्यातल्या माशाला पुष्कळदा चिखलाचा वास येतो. जिओस्मिन नावाचा पदार्थ त्याला कारण. चिंचेसारख्या आंबट गोष्टीने तो वास मरतो, लसूण-मसाल्याने झाकला जातो. म्हणजे आमचा रस्सा बिनडोक तिखट नाही, त्यामागे विचार आहे. पण सॅमनचा प्रश्न हा नाहीच. त्याच्या अंगातच भरपूर चरबी असते आणि त्याची भीती एकच, जास्त शिजण्याची. दुसऱ्या प्रोजेक्टमधला चालता कोड उचलून इथे चिकटवला की काय होतं, हे आपल्या धंद्यातल्या लोकांना सांगायला नको :)

तर पद्धत अशी. तुकडा टिपकागदाने अगदी कोरडा करायचा आणि पंधरा मिनिटं आधी मीठ लावायचं. तवा चांगला तापवून चमचाभर तेल, कातडीची बाजू खाली. पहिलं अर्धं मिनिट उलथन्याने दाबून धरायचं, मग मध्यम आच आणि हाताची घडी. उलटापालट नको. कडेने रंग बदलत वर चढताना दिसतो. दोन तृतीयांश चढला की उलटा, एखादं मिनिट, बास. पांढरे थेंब खूप यायला लागले तर समजा आच जास्त झाली. ते माशातलं प्रथिन आहे. हॉटेलवाले आत ५२-५५ अंशांवर थांबतात. अमेरिकेतलं सरकारी मार्गदर्शन मात्र ६३ अंश सेल्सियस सांगतं, आणि घरात म्हातारी माणसं किंवा लहान मुलं असतील तर तेच पाळावं.

दोन गैरसमजही काढून टाका. बाजारात रावसाला 'इंडियन सॅमन' म्हणतात. मासा उत्तम, पण सॅमनशी त्याचं काही नातं नाही. आणि गडद केशरी रंग म्हणजे ताजेपणा नव्हे. आपल्याकडे येणारा अटलांटिक सॅमन हा जवळजवळ सगळा पाळलेला असतो, आणि त्याचा रंग खाद्यातल्या अस्टाझँथिनवर ठरतो.

"पण हे परदेशी खाणं आपल्या जिभेचं नाही," असं कोणी म्हणालं की मी जपानचं उदाहरण देतो. जपानी लोक पूर्वी सॅमन सहसा कच्चा खात नसत. नॉर्वेने १९८० च्या दशकात तिथे जोर लावून प्रचार केला, आणि आज तिथे सॅमनची सुशी अतिशय लोकप्रिय आहे. जीभ शिकते हो! फक्त तिला एकदा नीट शिजवलेलं द्यावं लागतं.

आता या सगळ्याचं खरं कारण. दोन वर्षांपूर्वी आप्पांना हृदयाचा त्रास झाला. तेल बंद, म्हणजे रस्साही बंद. नजर अधू झाल्यामुळे रोहूचे बारीक काटे दिसेनात, एकदा घशात अडकला, तेव्हापासून त्यांनी मासा सोडला. बोलले काहीच नाहीत, पण रविवारचं जेवण लवकर उरकायला लागले.

दिवाळीनंतर थर्माकोलच्या डब्यात बर्फ घालून गोठवलेला सॅमन घेतला आणि महाराष्ट्र एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून पाचोऱ्याला पोचलो. काटे चिमट्याने उपटले, बोट फिरवून दोनदा तपासले. आई लांबूनच म्हणाली, "भाऊ, हाई काय शे? बिनमसालाना मासा?" दादरची भाकरी, लिंबू, कडेला हिरव्या मिरचीचा ठेचा. आप्पांनी आधी बोटाने चाचपलं. मग खाल्लं. मग ताट पुढे केलं.

तरी सांगतो, औषध म्हणून सॅमन घेऊ नका. ओमेगा-३ हवं असेल तर बांगडा आणि तारलीत ते भरपूर आहे, आणि खिशालाही झेपतं. सॅमन वर्षातून चार वेळा, चवीसाठी घ्यावा. त्याने मला शिकवलेली गोष्ट मात्र रोजच्या कामाची आहे: मासा शेवटी टाकायचा आणि लवकर उतरवायचा.

परवा आईचा फोन होता. कमी तेलात रोहूचा रस्सा केला होता. रस्सा आधी उकळला, तुकडे शेवटी सोडले, आणि आप्पांच्या ताटात वाढण्याआधी तिने स्वतः एकेक काटा काढला. जन्मात मासा न खाल्लेल्या बाईने.

सॅमनचे पैसे वसूल झाले, एवढंच म्हणतो.