नागपूर दीड तासावर नाही

माझी आत्या नागपूरला राहते. तिचा विषय निघाला की मोठी माणसे म्हणतात, "आता काय, विमानाने दीड तास!" मला हे म्हणणे पटत नाही.

मुंबई ते नागपूर हवेतून अंदाजे ७०० किलोमीटर आहे. आगगाडीचा रस्ता वळणावळणाचा, घाट चढून जाणारा, म्हणून तो ८३७ किलोमीटर भरतो. विमान वर गेले की तासाला ८०० किलोमीटरच्या आसपास उडते. म्हणजे तासही लागायला नको! मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, विमान आधी जमिनीवर हळू चालते, मग चढते, शेवटी उतरते, त्याचा वेळ त्यात धरलेला असतो. म्हणून दीड तास. इथपर्यंत बरोबर आहे.

पण आम्ही काही विमानतळावर राहत नाही. आमच्या गावाहून टिटवाळा स्टेशन रिक्षाने अर्धा तास. लोकलने कुर्ला सव्वा तास. तिथून विमानतळ पाऊण तास. तिथे दोन तास आधी जावे लागते. मग विमानाचा दीड तास. सामान घ्यायला अर्धा, नागपुरात आत्याच्या घरी जायला अर्धा. बेरीज करून पाहा, सात तास झाले. गंमत म्हणजे टिटवाळ्याहून मुंबई सीएसएमटी फक्त ६४ किलोमीटर, पण लोकलने तिथे जायलाही दीड तासाच्या वरच लागतो.

मागच्या वर्षी आजोबा फार आजारी होते. आत्या सकाळी निघाली तेव्हा कोणीतरी आजीला सांगितले, "दीड तासात येईल बघ." आजी ओट्यावर जाऊन बसली. जेवलीसुद्धा नाही. आत्या आली तेव्हा दिवेलागण झाली होती. आत्याने उशीर केला नव्हता, तिला तेवढाच वेळ लागतो. आजीला आधीच "संध्याकाळी येईल" सांगितले असते तर ती दोन घास खाऊन वाट बघत बसली असती. म्हणून माझे मत असे की, वेळ सांगायचा तर घरापासून घरापर्यंतचा सांगावा.

आता समृद्धी महामार्गही झाला. तो ७०१ किलोमीटरचा आहे आणि ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला. नागपूरला आठ तास लागतात म्हणतात. त्याचे मुंबईकडचे टोक भिवंडी तालुक्यात आमने गावाला आहे, म्हणजे आपल्याच बाजूला. मग आपल्याला मोटार आणि विमान यांत फरक तो कितीसा राहिला? कुलाब्याच्या माणसाचा हिशोब वेगळा येईल, पण आपण आपला करावा.

मला स्वतःला रात्रीची आगगाडीच आवडते. झोपून जाता येते. फक्त ती टिटवाळ्याला थांबत नाही. आधी उलटे कल्याणला जायचे, गाडीत बसायचे आणि मग पुन्हा टिटवाळा स्टेशन खिडकीतून बघायचे!

या लेखाखाली एक कोरा कागद लावला आहे. पालकांनी आपले सर्वांत लांबचे नातेवाईक कुठे राहतात आणि तिथे जायला घरापासून घरापर्यंत किती तास लागले, ते लिहावे. पेन्सिल दोरीला बांधली आहे.

— इयत्ता चौथी