तोल गेल्याचा हिशेब कोण देणार?

प्रतिजैविकांनी कोट्यवधी माणसांचे प्राण वाचवले, हे निर्विवाद आहे. परंतु त्यांतील एका गटाने, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिन, जेंटामायसिन, कॅनामायसिन आदी इंजेक्शनांनी, वाचलेल्यांपैकी कित्येकांकडून जबर किंमत वसूल केली आहे. ही औषधे आंतरकर्णाला कायमची इजा करू शकतात. कॅनामायसिनचा घाला मुख्यतः श्रवणशक्तीवर पडतो. स्ट्रेप्टोमायसिन व जेंटामायसिन यांचा रोख अधिककरून शरीराचा तोल सांभाळणाऱ्या इंद्रियावर असतो. बहिरेपणाची निदान दखल तरी घेतली जाते. तोल गमावलेल्या माणसाकडे मात्र आपल्या आरोग्यव्यवस्थेचे लक्षच जात नाही.

हा धोका आज उमगलेला नाही. ब्रिटनच्या वैद्यकीय संशोधन परिषदेने क्षयरोगावरील स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध केला. औषध मिळालेल्या ५५ रुग्णांपैकी सहा महिन्यांत ४ दगावले. केवळ विश्रांतीवर ठेवलेल्या ५२ पैकी १४. औषधाचे सामर्थ्य सिद्ध करणाऱ्या त्याच अहवालात ५५ पैकी ३६ जणांना भोवळ येऊ लागल्याचीही नोंद आहे. औषधाचा गुण आणि दोष असे एकाच वेळी जगापुढे आले होते.

आंतरकर्णातील तीन अर्धवर्तुळाकार नलिका आणि त्यांलगतच्या दोन पिशव्या डोक्याची प्रत्येक हालचाल टिपतात. हे काम तेथील सूक्ष्म केशपेशींचे. ही औषधे त्या पेशींत शिरून त्यांचा नाश करतात आणि माणसात त्या पूर्ववत होत नाहीत. दोन्ही कान बहुधा सारखेच निकामी होत असल्याने गरगरण्याची तक्रार पुष्कळदा होतच नाही. अंथरुणात पडून असेतो रुग्णालाही काही कळत नाही. उठून चालू लागला म्हणजे पाय डगमगतात, अंधारात आणि खडबडीत जमिनीवर झोक जातो, चालताना समोरचे दृश्य हिंदकळते, दुकानाची पाटी वाचता येत नाही. इजा कधी कधी इंजेक्शने थांबल्यानंतर उघड होते. तोवर रुग्ण घरी गेलेला असतो आणि ‘अशक्तपणा आहे, जाईल’ एवढ्यावर त्याची बोळवण होते.

अर्थशास्त्राचा एक साधा नियम येथे आठवावा. जो खर्च वस्तूच्या किमतीत धरला जात नाही, तो नाहीसा होत नाही. दुसरा कोणी तरी तो भरतो. परांचीवर चढणारा गवंडी, डोक्यावर ओझे वाहणारा हमाल, पहाटेच्या काळोखात बांधावरून शेताकडे जाणारी मजूर स्त्री, यांची सारी मिळकत पायांच्या स्थिरतेवर उभी असते. खुर्चीवर बसून काम करणारा कसाबसा निभावून नेईल. यांचा रोजगारच जातो. इंजेक्शन स्वस्त आहे असे म्हणताना ही बुडालेली मजुरी कोणत्याही सरकारी ताळेबंदात मांडलेली नसते.

आपल्या क्षयरोग कार्यक्रमात पुन्हा उपचार घ्यावे लागणाऱ्या रुग्णांना वर्षानुवर्षे दोन महिने, आठवड्यातून तीनदा स्ट्रेप्टोमायसिन टोचले जाई. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये ही पद्धत सोडण्यास सांगितले आणि २०१८ मध्ये औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावर कॅनामायसिन वापरू नये, अशी शिफारस केली. बेडाक्विलिनसारख्या गोळ्यांचा पर्याय उपलब्ध झाला होता. पण ती गोळी मक्तेदारीत अडकलेली होती. जॉन्सन अँड जॉन्सन कंपनीची ही मक्तेदारी लांबवू पाहणारा पेटंट-अर्ज मार्च २०२३ मध्ये भारतीय पेटंट कार्यालयाने फेटाळला. त्याला हरकत घेणाऱ्या मुंबईच्या नंदिता व्यंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेच्या फुमेझा टिसिले या दोघींनी क्षयाच्या उपचारातच श्रवणशक्ती गमावली होती. सुरक्षित औषध निर्माण झाल्यानंतर कोणाच्या कानाला इजा व्हायची, हा प्रश्न वैद्यकशास्त्राइतकाच किमतीचा आणि सत्तेचाही असतो, हे त्यांच्या लढ्याने दाखवून दिले.

जेंटामायसिन मात्र आजही वापरात आहे आणि नवजात बालकांच्या जंतुसंसर्गासारख्या प्रसंगी ते टाकून देता येणार नाही. म्हणूनच आमचे म्हणणे औषधबंदीचे नाही, जबाबदारीचे आहे. पर्यायी औषध चालण्याजोगे असेल तेथे हे इंजेक्शन देऊ नये. द्यावेच लागले तर शक्य तितके थोडे दिवस आणि मूत्रपिंडाची तपासणी करून द्यावे. धोका रुग्णाला किंवा त्याच्या आप्तांना मराठीत समजावून सांगावा. डोके हलवत अक्षरे वाचता येतात का, डोळे मिटून पाय जुळवून उभे राहता येते का, एवढी तपासणी उठूबसू शकणाऱ्या रुग्णाची खाटेजवळ करता येते. तिला यंत्र लागत नाही, लागतात पाच मिनिटे. रक्तातील औषधाचे प्रमाण ठीक निघाले म्हणून ती टाळू नये. तोल सावरण्याचे व्यायाम पुष्कळ साहाय्य करतात. ते शिकवण्याची सोय जिल्हा रुग्णालयांत हवी.

आणखी एक गोष्ट कायद्याची. अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारच्या अपंगत्वांची यादी आहे. तीत श्रवणदोष आहे. आंतरकर्णाचा तोल गेल्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. शासनाच्याच रुग्णालयात, शासनाच्याच औषधाने जो मजूर पांगळा झाला, त्याला प्रमाणपत्रापुरतेही अस्तित्व असू नये, हा अन्याय आहे. यादीत ही भर घालणे शासनाच्या हातात आहे. कामगार संघटनांनी आणि रुग्णहक्कांसाठी झटणाऱ्या कार्यकर्त्यांनी ही मागणी आता लावून धरली पाहिजे.