जादा वॉरंटीचा हिशोब

गेल्या रविवारी किन्हवलीकडचा एक तरुण आईला घेऊन आमच्याकडे आला. शहापूर-मुरबाड रस्त्यावर प्रवासी भाडी मारण्यासाठी तो कर्जाने गाडी घेतो आहे. शोरूमच्या कागदावर वाढीव वॉरंटीचे १५,००० रुपये लिहिलेले. ‘‘काका, सही करू का?’’ आईने गळ्यातले मोडून सुरुवातीची रक्कम जमवलेली. उत्तर जपूनच देणे भाग होते.

आम्ही पेन्सिल काढली. हे पैसे कर्जातच धरले, तर १० टक्के व्याजाने पाच वर्षे महिना सुमारे ३१९ रुपये, म्हणजे एकूण १९ हजारांच्या वर जातात. शोरूममध्ये ही बेरीज कोणी करून दाखवत नाही.

शिवाय वॉरंटी म्हणजे विमा नव्हे. अपघात, चोरी हा विम्याचा विषय. वॉरंटी कारखान्याच्या दोषाने बिघडलेल्या भागापुरती. क्लच प्लेट, ब्रेक लायनर, टायर झिजले की खर्च आपला, आणि आमच्याकडच्या खड्ड्यांत हेच आधी जाते!

मारुतीने जुलै २०२४ पासून मूळ वॉरंटीच ३ वर्षे किंवा १ लाख किलोमीटर केली. यातले जे आधी भरेल ते. रोज १२० किलोमीटर, वर्षाचे ३०० दिवस धरले तर लाखाचा आकडा तीन वर्षांच्या आतच गाठला जातो. म्हणजे भाडी मारणाऱ्याला वाढीव वॉरंटीत वर्षांपेक्षा किलोमीटर किती, हे पाहायला हवे.

मग आम्ही विचारले, ‘‘नंबर प्लेट पांढरी की पिवळी?’’

पोरगा गप्प. पांढरी स्वस्त पडते, एवढेच म्हणाला. तिथेच खरी मेख होती. खासगी नोंदणीच्या गाडीने भाडे मारले, तर वॉरंटीच काय, विम्याचा दावाही अडू शकतो. गळ्यातले गेले ते गेलेच, वर हप्ते डोक्यावर.

आम्ही सांगितले, आधी पिवळी प्लेट आणि परमिट. भाड्याच्या गाडीला कोणती वॉरंटी लागू, ते लेखी घे. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंत वाढीव घेण्याची सोय बहुतेक कंपन्या देतात. तीही लेखी विचार. मग आजच सही कशाला? आणि स्वतः चालवून पोट भरण्यासाठी गाडी घेणाराही २०१९ च्या कायद्याने ग्राहकच. तक्रार दोन वर्षांच्या आत ठाण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे करता येते. सल्ल्यासाठी १९१५ हा फोन आहे.

माउलीने कागद घडी करून पिशवीत ठेवला. ‘‘पावत्या मी सांभाळीन, ह्याच्याकडे टिकत नाहीत,’’ म्हणाल्या.